भारद्वाज दाखवून आत जाणाऱ्या आक्का

आक्का,

उत्तरकार्य झालं. पाहुणे पांगले, मांडववाला खुर्च्या घेऊन गेला, उरलेलं जेवण गल्लीत वाटून झालं. तुम्ही असताना जे बोलायचं मला धाडस झालं नाही, ते तुम्ही उत्तर द्यायला नसताना बोलते आहे. माझं धाडस असलंच, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत?

मला एकच विचारायचं आहे. श्रावणात त्या दिवशी स्वयंपाकघरात मी ह्यांना जे बोलले, ते तुम्ही ऐकलं होतं का?

तुम्ही न्हाणीत पाय धूत होता. बोअरची मोटार चालू होती. म्हणजे ऐकू गेलं नसणार, असं मी तेव्हापासून स्वतःला समजावत आले. पण मोटार मध्येच बंद झाली होती की काय, ते काही केल्या आठवत नाही. माणूस गेल्यावर त्याच्या चांगल्या गोष्टी आठवाव्यात म्हणतात. मी मोटारीचा आवाज आठवत बसले आहे.

तसं तुमचं माझं नातं सुरूच झालं ते तुमच्या आरडाओरड्यानं. मी लग्न होऊन बावड्यात आले होते, नवी नवरी. ह्यांची नोकरीची मुलाखत होती. सकाळी परसाच्या मागून, उसाच्या बांधावरून तुमची हाळी आली, "आलाय, आलाय! शेवरीवर बसलाय! या लवकर समदी!" मला वाटलं साप निघाला. पण घर उलट धावत सुटलं. सासूबाई हातातल्या चिमट्यासकट निघाल्या, हे एका पायात चप्पल घालून. मी पदर सावरत मागून गेले.

शेवरीच्या फांदीवर डोमकावळ्याएवढा एक पक्षी पंख पसरून ऊन खात होता. अंग काळंकुळकुळीत, मानेवर निळसर झाक, पंख मात्र जुन्या कौलांच्या रंगाचे. लांबलचक शेपूट खाली सोडलेली. डोळे गुंजेसारखे लाल. आम्ही एवढी माणसं खाली उभी, पण त्याला काडीचीही फिकीर नव्हती. तुम्ही माझ्या कानाशी म्हणालात, "कुकुडकोंबा हाय. ह्यो दिसला की काम झालंच समज." मी शहाणपणानं म्हटलं, "भारद्वाज म्हणतात याला." तुम्ही हसलात. "म्हणू देत की. त्येला कुठं ठावं हाय त्येचं नाव."

मग सगळे घरात आले. ह्यांच्या हातावर दही घालायची वेळ झाली. भांडं सासूबाईंच्या हातात होतं. विरजण तुम्ही लावलेलं, पक्षी तुम्ही शोधलेला, म्हणून मी तुम्हाला हाक मारायला वळले, तर तुम्ही नव्हता. "थोरली आत हाय," सासूबाई म्हणाल्या, तेही दूध उतू गेलंय म्हणावं इतक्या सहज. हे गेले, फाटक वाजलं, आणि मग न्हाणीची कडी निघाली. तुम्ही बाहेर आलात तेव्हा हात कोरडे होते. आंघोळ नाही, कपडे धुणं नाही. नुसत्या उभ्या होता आत.

थोरले भाऊजी, तुमचे यजमान, अपघातात गेले तेव्हा तुम्ही माझ्या त्या वेळच्या वयाहूनही लहान होता, हे मला नंतर कळलं. पण त्या कोरड्या हातांवरूनच मला जे समजायचं ते समजलं होतं. आणि समजल्यावर मी काय केलं? चहा ठेवला.

पुढे कितीदा तरी हेच झालं. दहावीचे पेपर असोत, कुणाचं स्थळ बघायला जायचं असो, ह्यांचं मूतखड्याचं ऑपरेशन असो, आदल्या दिवशी तुम्ही विचारायचात, "किती वाजता निघायचं हाय?" आणि उजाडायच्या सुमाराला बांधावर. तुमचा नियम कडक होता. नुसता आवाज ऐकून भागत नाही, डोळ्यांनी बघायला लागतो. आवाज तर रोजच यायचा, हूप हूप हूप, तुमच्या भाषेत "रांजणात तोंड घालून बोलल्यागत". पण हा पठ्ठ्या उडतो कमी आणि चालतो जास्त. उसाच्या सरीतून कोंबडीसारखा पाचट चाळत फिरतो, गोगलगायी, टोळ, सरडे टिपतो. दिसणार कसा? तुमची युक्ती मला तुम्हीच शिकवलीत. वटवटे, ते चिमणीएवढे पक्षी, कुठं ओरडतात ते ऐकायचं. ते आपल्या घरट्यापाशी कालवा करायला लागले की तिथंच हा असणार, त्यांच्या अंड्यांवर टपलेला.

त्यावरून आपली वादावादी ठरलेली. मी म्हणायचे, "आक्का, दुसऱ्यांची पिल्लं खाणारा पक्षी शुभ कसा?" तुम्ही म्हणायचात, "त्येला इचारून शुभ केलाय व्हय? त्यो आपला पोट भरतोय. शुभ-अशुभ माणसानं चिकटवलं. त्येलाबी ठावं न्हाय त्यो शुभ हाय म्हणून." आणि मग भाकरी थापता थापता, जणू त्याच वाक्याचा तुकडा राहिला होता तसं, "मलाबी कुठं ठावं होतं? लोकांनी सांगितल्यावर कळलं."

मी अंगावर आलेलं वाक्य सोडून देऊन मुळीचा विषय काढला. तुमचं म्हणणं, भारद्वाजाच्या घरट्यात संजीवनी मुळी असते. घरटं नदीत सोडलं की काटक्या वाहून जातात आणि मुळी तेवढी उलटी, धारेच्या विरुद्ध पोहत निघते. मी म्हणायचे, कुणी बघितलंय? तुम्ही म्हणायचात, कुणी सोडून बघितलंय? पंचगंगा हाकेच्या अंतरावर असून आपण दोघी कधी गेलो नाही. घरटं काढायला तुमचा जीव होत नव्हता. "त्येचं घर मोडून मला काय मिळायचंय?"

एकदा मी पुस्तकात वाचून तुम्हाला सांगितलं, की हा कोकिळेच्या कुळातला, पण कोकिळेसारखी आपली अंडी दुसऱ्याच्या घरट्यात टाकत नाही. घरटं स्वतः बांधतो, अंडी नरच जास्त उबवतो. तुम्ही माझ्या ऋतुजाला मांडीवर घेऊन भरवत होता. ती तेव्हा दोन घास खाऊन तिसरा थुंकायच्या वयाची. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत बघितलंत. "मग कोकिळा तू की गं सुजाता! अंडं माझ्या घरट्यात टाकून कागलला शाळा शिकवायला जातीस." आपण दोघी इतक्या हसलो की पोरीला ठसका लागला. खरंच होतं ते. मी सकाळच्या एसटीनं जायची, संध्याकाळी यायची. तिचे दात, तिचा गोवर, तिचे पाढे, सगळं तुमच्याकडे. ती तुम्हाला मोठी आई म्हणायची आणि मला नुसतं आई. मी कधीकधी जळायचे. आज तेही सांगून टाकते.

सासरे गेल्यावरही सासूबाई पुढच्या सोप्यातच बसायच्या. आल्यागेल्याच्या हातावर दही त्याच घालायच्या. विधवा त्याही होत्या. पण किल्ल्या कमरेला असल्या की अशुभ जवळ येत नसावं. हे मला तेव्हाच दिसलं होतं. त्या गेल्यावर दह्याचं भांडं आपोआप माझ्याकडे आलं. तेव्हा मी म्हणू शकले असते, आक्का, आजपासून तुम्ही. कोण अडवणार होतं? ह्यांनी तर मान डोलावली असती. पण मी भांडं घेतलं आणि तुम्ही नेहमीप्रमाणे आत गेलात. इतक्या गुपचूप जायचात, की सोयीचं होतं आम्हाला.

आणि भाषण? भाषण विसरून कसं चालेल! जिल्ह्यातल्या एका गावानं विधवांच्या चालीरीती बंद करायचा ठराव केला, त्याची सगळीकडे चर्चा होती. आपल्या महिला मंडळानं मला बोलायला बोलावलं. मी मराठीची बाई, जिभेला धार. काय बोलले मी! टाळ्या थांबेनात. शाल मिळाली, नारळ मिळाला. तुम्ही शेवटच्या रांगेत दाराशी बसला होता. घरी येताना रिक्षात म्हणालात, "झ्याक बोललीस. माझ्या तर डोळ्याला पाणी आलं." तुम्ही टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. पण तुमचा आवाज अगदी सरळ होता. मी नारळाची शेंडी उपटत बसले.

मग यंदाचा श्रावण. ऋतुजाची पुण्याला मुलाखत. पोरगी कशी, तुम्हीच घडवलेली, एकदम तिखट. बांधावर भारद्वाज बघून आली, आणि मी दह्याचं भांडं घेऊन उभी, तर ही सरळ न्हाणीच्या दारावर धडका मारायला लागली.

"मोठी आई, भाईर ये!"

"अगं, जा तू. उशीर व्हतोय," तुमचा आवाज.

"गाडी चुकली तरी चालंल. तुझ्या हातनं दही घेतल्याबिगर मी जात न्हाय."

"आईच्या हातनं घे की."

"विरजण तू लावतीस, पक्षी तू दाखवतीस. आई नुसता चमचा धरती!"

कडी निघाली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला ती नजर अजून दिसते. परवानगी मागणारी होती ती, आणि तुमच्याच घरात, तुमच्याहून धाकट्या जावेकडे. मी हसून भांडं पुढं केलं. भाषणवाल्या बाईला दुसरं काय करता येणार होतं? सवय नसलेल्या तुमच्या हातातून अर्धं दही पोरीच्या ओढणीवर सांडलं. ती वाकून तुमच्या पाया पडली. तुम्ही तिचं तोंड दोन्ही हातांत धरलंत. मला खरंच भरून आलं होतं, आक्का. हे खोटं नाही. भरून आलं होतं आणि आता हिचं काम होईल ना, असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी.

ऋतुजाचं काम झालं नाही. फोन आला तेव्हा दुपार होती, हे जेवायला बसलेले. तुम्ही शेतातून येऊन मागच्या दारानं न्हाणीत गेलेल्या. मी ताटात भात वाढता वाढता म्हणाले, "त्यांच्या हातचं दही घेऊन गेल्यावर दुसरं काय होणार?"

एवढंच. मोजून एक वाक्य. हे ताटावरून उठले. "काय बोलतीयास कळतंय का तुला?" म्हणाले आणि हात धुऊन बाहेर गेले. मी भाताचं पातेलं धरून तशीच उभी. माझ्या तोंडातून सासूबाई बोलल्या, असं मी स्वतःला सांगून बघितलं. पण सासूबाई इतकं वाईट कधी बोलल्या नव्हत्या. ते माझंच होतं.

थोड्या वेळानं तुम्ही पाय पुसत आत आलात. "भावजी न जेवताच उठलं? कढी गरम करू का?" मी तुमचं तोंड निरखलं. काही दिसलं नाही. संध्याकाळी तुम्ही चहा केलात, माझ्यापुढे ठेवलात, साखर नेहमीसारखीच. दुसऱ्या दिवशी माझं डोकं दुखत होतं तर कपाळाला सुंठ उगाळून लावलीत. मी तुमच्या बोटांवरून अंदाज घेत होते, रागानं दाबतात का, मायेनं. माणूस किती हलकं होऊ शकतं! तुम्ही माझं डोकं चेपत होता आणि मी चोरासारखी झडती घेत होते.

मग तुमची छाती भरली. दिवाळी झाली, ऊसतोड सुरू झाली, आणि तुम्ही दवाखान्यात. मी रजा टाकून तुमच्या उशाशी बसायची. रोज ठरवून यायची की आज बोलायचं. खिडकीतून नुसत्या भिंती दिसायच्या. तुम्ही विचारायचात, "आपला उसाचा फड तुटला का गं?" मी हो म्हटलं तर तुम्ही काळजीत. "मग त्यो कुठं राहतोय आता? उघड्यावर पडला असंल." मी सांगितलं, भारद्वाज घाणेरीच्या जाळीत जाताना दिसला, जोडीनं होता. तुमचा जीव भांड्यात पडला. मी म्हणाले, "आक्का, मला एक..." तुम्ही म्हणालात, "मुळीचं म्हणतीस व्हय? असती गं मुळी. तू मास्तरीण हायस म्हणून तुला पटत न्हाय." आणि डोळे मिटलेत. मीही सुटले. तुम्ही विषय बदललात असं मला वाटलंसुद्धा नाही. वाटलं, ताप आहे, बरळताय. तुम्हाला घरी आणल्यावर म्हणू, असं ठरवून मी पेपर तपासायला घेतले. घरी आणलं ते तुम्हाला नव्हे.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मानेवर बसला आहे. परवा तर मी कहर केला. हे सोप्यात पेपर वाचत होते, त्यांना ओढून स्वयंपाकघरात नेलं, म्हटलं, इथं बसून मोठ्यानं वाचा. मी न्हाणीत जाऊन दार लावलं. मोटार चालू असताना राशिभविष्यातलं अर्धं कळत होतं, वृषभेचा प्रवास आणि मिथुनेचे पोटाचे विकार. मग मोटार बंद केली. मोटार बंद झाल्यावर सगळं ऐकू आलं. हे पुटपुटले, "येडी झालीय बाई," तेही. आत न्हाणीत अंधार होता, ओल होती, आणि उभं राहायला एक फरशी. तिथं मला पाच मिनिटं निघाली नाहीत. तुम्ही तिथं किती वर्षं उभ्या राहिलात, आणि आमच्या हसण्या-बोलण्यातलं काय काय ऐकलंत, ते मी मोजायला घेतलं नाही.

पण त्या दुपारी मोटार चालू होती की बंद, त्याचं उत्तर काही मिळालं नाही.

इथवर मी तुमच्याशी काल रात्री बोलले होते. आज सकाळी ऋतुजा पुन्हा निघाली. दुसऱ्या ठिकाणी मुलाखत आहे. सवयीनं हे बांधावर जाऊन आले आणि चोरट्या आवाजात म्हणाले, "ऋतू, बाभळीवर बसलाय. बघून जा." पोरगी बुटाची नाडी बांधत होती. वर न बघता म्हणाली, "मला न्हाय बघायचा. दाखवणारी गेली." हे गाडी काढायला गेले.

मी दह्याचं भांडं घेतलंच नव्हतं. रिकाम्या हातानं तिच्यासमोर उभी राहिले. तुम्ही गेल्यापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. मला वाटलं, दुःखानं. पण तिनं नाडीची गाठ दोनदा सोडून बांधली, आणि मला वाटलं, हिला काहीतरी ठाऊक आहे. मी विचारलं, "ऋतू, मागच्या वेळी तुझं काम झालं नाही तेव्हा मी एक बोलले होते. मोठ्या आईनं ते ऐकलं होतं का?"

ती उभी राहिली. माझ्याहून उंच झाली आहे आता.

"व्हय," म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच. दवाखान्यात. माझंच चुकलं म्हणून रडत होती. म्हणाली, तुझ्या हट्टाला मी उगं भुलले, आईला किती घोर लागला बघ."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

"आणखी काय म्हणाली?"

"आई, नको."

"सांग."

ती फाटकाकडे बघत राहिली. बाहेर ह्यांनी हॉर्न वाजवला.

"माझ्याकडनं वचन घेतलं तिनं. म्हणाली, मी ऐकलंय हे तुझ्या आईला कधी कळू देऊ नगंस. कळलं तर जन्मभर मनाला लावून घेईल ती." ऋतुजानं डोळे पुसले. "मी मोडलं बघ आत्ता. तू इचारलंस म्हणून."

ती गेली. मी सोप्यातच बसून आहे. तुम्ही या घरात कधी काही मागितलं नाहीत, आक्का. जाताना एवढं एकच मागितलंत, तेही माझ्यासाठी, आणि तेही मीच पोरीकडून मोडून घेतलं.